अंगठा कुठंय?

असा एक माणूस परभणीतल्या कुठल्याही ऑफिसात असतोच. तुम्ही नवा शर्ट घालून या, दाढी करून या, त्याची नजर थेट फरशीवर. आमचे काका तर पुढं होऊन वाकतात, तुमच्या बुटाच्या टोकावर बोट दाबतात अन् विचारतात, "अंगठा कुठंय?" हजेरीच्या मशीनला आमचा अंगठा कळायच्या आधी काकांना कळलेला असतो.

अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा पाहिजे, हा त्यांचा कायदा. बूट घ्यायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि सकाळी मापात बसलेला बूट रात्री चावतो. एकच जोड रोज घालायचा नाही, कातड्यातला घाम वाळायला मधे एक दिवस द्यायचा. ऑक्सफर्डवर तर त्यांचा विशेष राग. "त्याची लेसची पट्टी खाली शिवलेली, उघडतच नाही. आपले पाय शेतात अनवाणी वाढलेले, पसरट. आपल्याला डर्बीच. जगात जर्मनी, भारतात परभणी, पायात डर्बी!"

जिंतूरच्या एका लग्नात मेव्हण्यांनी नवरदेवाचे बूट पळवले आणि पाच हजार मागितले. काकांनी एकीच्या हातातून बूट घेतला, वाकवला, वास घेतला अन् भर मांडवात निकाल दिला, "रेक्झिन आहे. पाचशेच्या वर देऊ नका." वरपक्षाचे पैसे वाचले, नवरदेवाची अब्रू गेली. भेटायला जावं तिथंही तेच. सुतकाच्या घरी आम्ही आत मान खाली घालून बसलेलो, काका दारातच, चपला-बुटांच्या ढिगाऱ्यात. "ही टाच बाहेरून झिजलीय. कुणाचीय?" कुणीच बोलेना. साहेबांची होती.

आणि एवढं सगळं सांगणारा हा माणूस पावसाळ्यात ऑफिसला येतो रबरी चपलेत, बूट पिशवीत! गावाकडची काळी माती एकदा बुटाला धरली की पावलागणिक किलोभर वजन वाढवते. नळावर पाय धुवायचे, पुसायचे, मोजे चढवायचे, मग काका नोकरीवर रुजू.

आता हे सांगायला नको, पण सांगतो. रेकॉर्ड रूमच्या कपाटात जुन्या फायलींमागं काळ्या डर्बीचा एक जोड असायचा, आठ नंबरचा, आरशासारखा पॉलिश केलेला. पालम-सोनपेठकडची पोरं मुलाखतीला निघाली की तो बाहेर यायचा. पोराचा पाय सातचा असला तर काका टोकात मानवतचा कापूस कोंबायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आता अंगठा कुठंय?"

"मुलाखतीपुरतं चालतं," म्हणाले, अन् लेस स्वतः बांधली.

स्वतःसाठी चांगला जोड त्यांनी घेतला तो निवृत्तीच्या दिवसासाठी, कितीतरी वर्षं आधी. डब्यातून कधी काढलाच नाही. निरोपाच्या दिवशी स्टेजवर चढताना सोलचा चुरा पडायला लागला. शाल घ्यायला पुढं झाले तेव्हा एक अख्खा तळ मागंच राहिला.

"पीयू आहे," काका माइकवरून म्हणाले. "न घालता ठेवला की हवेतल्या ओलीनं आतून कुजतो." एवढंच भाषण. बूट काढले, मोज्यांवर उभं राहून नारळ घेतला आणि फोटोवाल्याला दम भरला, "कमरेच्या वरूनच घे रे."