बॉडी उचलणारे काका

निगडी प्राधिकरणात ज्या पोर्चमध्ये गाडी उभी असते तो बंगला कुणाचाही असू शकतो. पण गाडीची बॉडी एकीकडे आणि चासी दुसरीकडे असेल, तर तो रिटायर्ड टेल्कोवाल्याचा. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, ही बातमी काकांपर्यंत पोचली आहे. त्यांनी ती अजून मंजूर केलेली नाही.

असे काका निगडीत आहेत, यमुनानगरात आहेत, शाहूनगरात तर गल्लीला एक. नातवाच्या बारशालाही यांच्या खिशात टेस्टर. आमटीत मीठ जास्त पडलं तर चिडत नाहीत, 'असं का झालं?' हे शिस्तीत पाच वेळा विचारतात. (पाचव्या वेळी काकू जे म्हणतात ते छापण्याजोगं नसतं.)

आमच्या काकांनी कुदळवाडीच्या भंगारातून सिएरा आणली. 1991 साली निघालेलं ते तीन दारांचं मॉडेल, मागची काच थेट छतापर्यंत वळत गेलेली. त्या काळी काका दिवसभर लाइनवर या गाड्या जोडायचे आणि संध्याकाळी लुनावरून घरी यायचे.

"सिएराच का? फियाट का नाही?" असं मी विचारून बसलो.

"फियाटची बॉडी उचलून काय करणार? खाली चासीच नाही! सगळा एकच डबा. जीप, सुमो, सिएरा, यांना चासी असते." 'चासी' हा शब्द काका ज्या स्वरात उच्चारतात, त्या स्वरात इतर लोक 'खानदान' म्हणतात.

काम फक्त गुरुवारी. भोसरी एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी, म्हणजे फुकटात माणसं मिळतात. बॅटरीची वायर, स्टीअरिंगचा दांडा, हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप, रेडिएटरच्या नळ्या, डिझेल भरायचं नरसाळं, एकेक सुटं होत गेलं. नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, डब्यांवर नंबर. दसऱ्याला काकूंनी श्रीखंड पातेल्यात ठेवलं.

बॉडीचे बोल्ट मात्र हलेनात. रॉकेल पाजून झालं, तापवून झालं, पान्याला पाइप लावून भाचा लोंबकळला. एक बोल्ट तर हूं की चूं करेना.

"कुठल्या गाढवानं आवळलाय हा!" काका गरजले आणि एकदम गप्प झाले. ते स्टेशन तेव्हा कुणाकडे होतं, हे त्यांनीच गल्लीला हजार वेळा सांगितलेलं.

बोल्ट शेवटी निघाले, पण पोर्चच्या स्लॅबला चेनपुली टांगायचा बेत काकूंनी हाणून पाडला. मग बॉडीखालून परांचीचे दोन लोखंडी पाइप घातले आणि बारा माणसं लावली.

"एकही बोल्ट राहिला नाही ना?"

"मी स्वतः तपासलंय."

'बोला पुंडलिक वरदे' झालं आणि बॉडी उठली. तिच्याबरोबर चासीही वीतभर उठली. सीटखालचा एक राहिला होता. कुणी काही बोललं नाही. अशा वेळी टेल्कोवाल्याशी बोलू नये.

दुसऱ्या खेपेला मात्र बॉडी अलगद सुटली आणि बारा खांद्यांवरून फाटकाबाहेर निघाली. रस्त्याने जाणाऱ्या एका आजींनी चपला काढून नमस्कार केला. आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, या भागात डोळ्यांना ती सवयच आहे.

बॉडी जुन्या टायरांच्या चवडीवर टेकली. काका उघड्या चासीभोवती दोनदा फिरले. हात लावला, पुसला, परत लावला. "सबंध अशी कधी बघितलीच नव्हती रे," ते म्हणाले. "पुढ्यात यायची, माझे चार बोल्ट मारायचे, की गेली पुढे."

एवढ्यात चाकणहून पहिली पाळी संपवून चिरंजीव आले. हेल्मेट न काढताच म्हणाले, "बाबा, आमच्याकडे असलं उचलायचं काम रोबो करतो. माणूस लागतच नाही."

काका बाराव्या माणसाचा चहा ओतत होते. किटली खाली न ठेवता म्हणाले, "मग बॉडी बसवायच्या गुरुवारी घेऊन ये त्याला. आणि आईला आधी सांग, जेवायला एक पान वाढलं म्हणून."