सात म्हणजे किती?

मोझरीतून नागपूर-अमरावती महामार्ग जातो. तिथेच १९३५ साली तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. महाराजांच्या नावाचं विद्यापीठ मात्र नागपुरात. मोझरीची पोरं पदवी घेतात ती संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. महाराजांचं शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबलं आणि गाडगेबाबा शाळेची पायरीही चढले नव्हते. पण हे दोघे काय सांगत, ते अडाणी माणसालाही पहिल्या फटक्यात कळे.

आता या पदव्यांवरचा आकडा कुणाला समजावून दाखवा.

मोझरीची एखादी पोट्टी धरा. सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणीगुण, सात. घरचे विचारतात, "फर्स्ट क्लास हाय का नाई, तेवढं सांग नं!" प्रश्न सरळ आहे. उत्तर? दहाने गुणलं तर सत्तर टक्के. तंत्रशिक्षण पाहणाऱ्या एआयसीटीईचं सूत्र लावलं, म्हणजे सातातून पाऊण वजा करून दहाने गुणलं, तर साडेबासष्ट. सीबीएसईने दहावीसाठी दिलेला साडेनऊचा गुणक कुणी पदवीलाही लावला, तर साडेसहासष्ट. पोट्टी तीच, पेपर तेच. आणि जाहिरातीत अट पासष्ट टक्क्यांची!

म्हणजे तिची पात्रता ठरवणार कोण? तपासणाऱ्याच्या हातातला कॅल्क्युलेटर.

यूजीसीने दहा गुणांची श्रेणीपद्धत आणली त्याला दशक उलटून गेलं. टक्के गेले. टक्के विचारणारे गेले नाहीत.

हीच पोट्टी जर्मनीला अर्ज करते. तिथे सगळं उलटं: १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास, ५ म्हणजे नापास. आपल्या गुणांना ते बव्हेरियन सूत्र लावतात. त्यात तीन आकडे लागतात: जास्तीत जास्त किती, पास कितीला आणि तुम्हाला मिळाले किती. पास चाराला धरलं तर तिचे सात होतात २.५. पाचाला धरलं तर २.८. आणि अडीचची अट घालणारे अभ्यासक्रम तिथे पुष्कळ आहेत.

पासाची रेघ मार्कशीटवर ठळक छापायला कितीशी शाई लागते?

ब्रिटनमध्ये सत्तर टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो आणि घरात पेढे वाटावेत असा तो मान आहे. आपल्याकडे सत्तर म्हटलं की काका विचारतात, "डिस्टिंक्शन कसं काय हुकलं?" फ्रान्समध्ये वीसपैकी सोळा म्हणजे अतिउत्तम, वीसपैकी वीस सहसा कुणाला देतच नाहीत. डेन्मार्कमध्ये सर्वात वर १२ आणि सर्वात खाली उणे ३. हो, उणे! पण डेन्मार्कने जुनी मोडून ही मोजपट्टी २००७ साली आणली, ती इतर देशांना आपले गुण नीट कळावेत म्हणूनसुद्धा.

मग उपाय नाही का? आहे, आणि तो साधा आहे. युरोपातल्या विद्यापीठांच्या श्रेयांक-पद्धतीच्या (ईसीटीएस) मार्गदर्शिकेत तो लिहिलेलाच आहे: त्या अभ्यासक्रमात शंभरातल्या किती जणांना कोणती श्रेणी मिळाली, त्याचा तक्ता गुणपत्रिकेसोबत द्या. सात मिळवणारी पोट्टी वरच्या दहांत आहे की मधल्या चाळिसांत, हे बर्लिनलाही कळेल आणि बुलढाण्यालाही. सूत्र नको, गुणक नको, कुणाची मर्जी नको. हे आकडे निकाल लावणाऱ्याकडे असतातच. त्यांच्याशिवाय निकाल लागतोच कसा?

तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, खंजिरी घेऊन. त्यांच्या शिक्षणाचे टक्के तिथे कुणी काढले नाहीत. भजन ऐकलं आणि माणूस ओळखला. आपल्या पोरांच्या हातात खंजिरी नाही, एक कागद आहे. तो तरी बोलका द्या.

तोवर ती पोट्टी सकाळच्या एसटीने अमरावतीला निघाली आहे, टक्क्यांचा दाखला आणायला. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.