शर्यत ठरली, पाणी तेवढं ठरायचंय

हातकणंगले गावाला नदी नाही. तालुक्याला मात्र उत्तरेकडून वारणा आणि दक्षिणेकडून पंचगंगा लाभली आहे, आणि तालुक्याचं गाव म्हणून दोन्ही नद्या आमच्याच, असं आम्ही धरून चालतो. म्हणून पंचगंगेवर शर्यत भरवायची पहिली बैठक भर उन्हाळ्यात, नदीपासून लांब, आमच्या सोप्यात पंख्याखाली झाली.

होड्यांच्या शर्यती या भागाला नव्या नाहीत. सांगलीत कृष्णेवर, इचलकरंजीत पंचगंगेवर पावसाळ्यात वल्ह्यांच्या लांब होड्या सुटतात तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नसते. पण आमच्या पुतण्याला मुंबईची हवा लागलेली. त्यानं गेटवेसमोर शिडाच्या नावा बघितल्या होत्या.

"काका, इंग्लंडात काउजला १८२६ पासून शिडांची शर्यत भरते. तारखा कितीतरी आधी जाहीर. आपणपण सगळं आधीच ठरवायचं."

"ठरवू की," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष तोवर ठरलेच होते. स्वागत समिती, सत्कार समिती, भोजन समितीही चहा यायच्या आत ठरल्या. नावा कुठून आणायच्या हा विषय आयत्या वेळच्या विषयांत गेला.

बक्षिसाला मात्र वेळ लागला. हुपरी आपल्याच तालुक्यात, तेव्हा चांदीला कमी नाही. एकानं चांदीची गदा सुचवली. गदा कुस्तीला, पाण्यात तिचं काय काम, असं दुसऱ्यानं विचारलं. शेवटी चांदीचं वल्हं ठरलं. शिडाच्या शर्यतीत वल्हं मारत नाहीत, असं पुतण्या म्हणाला. "मारू नका की. घरात लावायचंय ते," अध्यक्षांनी निकाल दिला.

मग मार्ग बघायला सगळे नदीवर गेलो. पंचगंगेला उन्हाळ्यात पाणी दिसत नाही, जलपर्णी दिसते. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार. शर्यतीचा नियोजित मार्ग दोन बगळे चालत पार करत होते. भोजन समितीनं तिथेच भेळ खाऊन घेतली.

वाऱ्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा आणि पंचगंगा वाहते ती मोटामोटी पूर्वेला. म्हणजे वारा आणि धार एकाच दिशेनं. शिड उघडलं की नाव निघाली ती थेट नरसोबाच्या वाडीला, संगमावर. जाताना अडचण कसलीच नाही. येताना मात्र वाऱ्याच्या तोंडावर शिडाची नाव सरळ येत नाही, नागमोडी काढावी लागते. तेवढी रुंदी नदीला नाही आणि त्यात धार उलटी. "मग दर्शन घेऊन एस्टीनं यायचं," स्वागत समितीनं तोडगा काढला. मला तो अजूनही सर्वांत व्यवहार्य वाटतो.

तारखेचं घोडं मात्र हलेना. समुद्रवाल्यांचं बरं असतं. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; अष्टमीला सहा वाजता. पुतण्यानं हे कौतुकानं सांगितलं. पण आमच्या नदीला पाणी सोडणाऱ्या राधानगरीच्या धरणाला तिथी कळत नाही. तिथले सातही दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की आपले आपण उघडतात, संयोजन समितीला विचारत नाहीत. इकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. त्यात खाली वाडीला कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला फुगवटा येतो आणि पाणी दिवसेंदिवस जागचं हलत नाही. इथून विषय कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर गेला. आमच्याकडे कुठलीही बैठक अलमट्टीवर गेली की त्या दिवशी दुसरं काही होत नाही.

थोडक्यात, उन्हाळ्यात नदीत पाणी नाही, आषाढ-श्रावणात नदी गावात, आणि मधले जे चार दिवस शर्यतीजोगे, ते कधी येतील हे नदीलाही आधी माहीत नसतं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं १९२८ पासून रेगाटा भरवतात, पण ती मार्चात, पूर टाळून. केरळातल्यांनी आमच्यासारखीच ऑगस्टची हौस केली, तर २०१८च्या महापुरात नेहरू ट्रॉफीची शर्यत नोव्हेंबरात न्यावी लागली. हे ऐकून समितीला फार बरं वाटलं. "आपण तर अजून काही पुढं ढकललेलं नाही," अध्यक्ष अभिमानानं म्हणाले.

पुतण्यानं सुचवलं, की तारखेऐवजी फूट जाहीर करावेत: बंधाऱ्यावर पाणी अमुक फुटांवर उतरलं की येणाऱ्या रविवारी शर्यत. इतकं शहाणपणाचं बोलणं त्या बैठकीत दुसरं झालं नाही. पण प्रमुख पाहुण्यांच्या स्वीय सहायकाला फुटांत वेळ देता येईना. साहेबांना पावसाळी अधिवेशन, मग गणपती, मग दौरा. साहेबांची वेळ मिळेपर्यंत तारखेची जागा कोरी सोडून फ्लेक्स तरी लावून घ्यावा, असं ठरलं.

फ्लेक्स नाक्यावर झोकात लागला. वर साहेब, खाली अध्यक्ष गॉगल लावून, त्यांच्या भोवती तिन्ही समित्या, कोपऱ्यात अंगठ्याएवढी शिडाची नाव. दुसऱ्याच दिवशी सकाळी गल्लीतले एक आजोबा अध्यक्षांच्या दारात नारळ घेऊन उभे. त्यांनी अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि जेवण कुठल्या हॉलला आहे ते विचारलं. भोजन समितीनं हॉलही बघून ठेवला होता.