पीतदंत अण्णा

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याच नावावर आलं असं समजून वागणारे अण्णा सांगलीत गल्लोगल्ली सापडतात. आमच्या अण्णांच्या खिशात पितळेची डबी असते. पूर्वी तिच्यात तंबाखू असे, हल्ली हळद. पाय मुरगळला, हळद; घसा बसला, हळद; हिरड्यांतून रक्त आलं, तर हळद, सैंधव आणि मोहरीचं तेल. रोज सकाळी तर्जनी दातांवरून गरगरा फिरते आणि बनियन, पंचा, आरसा सगळं पिवळं होतं. "लोकांकडे नवरदेवाला एकदा हळद लागते, आमच्याकडे बेसिनला रोज," वहिनी म्हणतात.

जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. माशेलकर प्रमुख असताना भारताच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन १९९७ साली ते रद्द करायला लावलं. अण्णा हे सांगतात ते "आपण केस जिंकलो" असं. केस जिंकली खरी, पण अण्णांच्या हिरड्यांतलं रक्त काही थांबलं नाही. शेवटी भाकरीचा पापुद्रासुद्धा चावेना, तेव्हा वहिनींनी त्यांना धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"मशीन लावायचं नाही. दात खिळखिळे होतात," अण्णांनी खुर्चीत बसण्याआधीच बजावलं.

"अण्णा, दात हलतायत ते कीटणामुळे. त्याच्यावर जंतूंनी ठाण मांडलंय, म्हणून हिरडी सुजते. दात आणि हिरडीतली फट तीन मिलिमीटरपर्यंत चालते. तुमची सहा आहे."

"पण मी रोज हळद लावतो!"

"हळदीत सुजेशी लढणारं कर्क्युमिन असतं शंभर ग्रॅमला तीनेक ग्रॅम. ते पाण्यात धड विरघळत नाही, आणि बोटानं फटीत खोलवर जातही नाही. चूळ भरली की गेलं बेसिनात."

"तरीच बेसिनची तब्येत एवढी ठणठणीत!" वहिनी म्हणाल्या.

कीटण खरवडून निघालं. मग बाईंनी त्या फटींत एक पिवळं जेल भरलं. "हे कर्क्युमिनचं. सफाईनंतर सूज उतरायला मदत होते."

अण्णा खुर्चीतच ताठ झाले. तोंडात कापूस असूनही त्यांनी वहिनींकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. सूज उतरल्यावर तर ते गल्लीभर सांगत सुटले, "शेवटी डॉक्टरला हळदीकडेच यावं लागलं!" मशीनचा उल्लेख त्यात नसतो. बाईही वाद घालत नाहीत. अण्णा दर सहा महिन्यांनी सफाईला येतात, एवढं त्यांना पुरतं.

हळद सुजेशी लढते हे अण्णांचं म्हणणं खोटं नाही. कीटण मात्र तिला हलत नाही. तेव्हा हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दात साफ करून घ्या, श्रेय मग खुशाल हळदीला द्या.