५५ पाठ, ४५ ऑप्शनला

राज्यात आज नेमके किती पक्ष आहेत आणि त्यांतला मूळ कुठला, हे कोर्टात जाऊन विचारावं लागतं. २०१८ च्या सुमारास असा गोंधळ नव्हता. तेव्हा महाराष्ट्रात दोनच पक्ष होते: दीक्षित आणि दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा जाहीरनामा असा, की कडकडून भूक लागेल तेव्हाच खायचं, दिवसातून दोनदाच खायचं आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपायचं. (मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकरांचा, हे ते आवर्जून सांगतात.) ऋजुता दिवेकरांचं म्हणणं बरोबर उलटं. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आजी खायची ते खा, भाताला आणि तुपाला भिऊ नका. घराघरांत उभी फूट पडली. सासू दीक्षितांकडे, सून दिवेकरांकडे, आणि सासरे दोन्हीकडे. म्हणजे दर दोन तासांनी ५५ मिनिटं.

लग्नाच्या पंगतीत तर पाहायला नको. वधूवरांचा मुहूर्त बारा सत्तावीसचा असला तरी दीक्षितवाल्यांचा स्वतंत्र मुहूर्त असे. ‘वहिनी, आत्ता सरबत नको, माझं एकला सुरू होणार आहे.’ मग एकच्या ठोक्याला मोबाइलवर टायमर लागे आणि जो माणूस एरवी ‘मला एकच जिलबी’ म्हणाला असता, तो बारा जिलब्या, दोनदा मसालेभात, मठ्ठ्याचे तीन ग्लास आणि आइस्क्रीम असा मार्ग ठरल्या वेळेत पार करून चौपन्नाव्या मिनिटाला विडा तोंडात टाके. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर दिवेकरवाल्या मावशी पर्समधून शेंगदाण्यांची डबी काढत, कारण त्यांचे दोन तास भरलेले असत. दोघंही एकमेकांकडे दयेने बघत.

या सगळ्या लढाईत एक बारीकशी गोष्ट राहून गेली. दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यात एक कलम तंतोतंत समान होतं: व्यायाम. दीक्षितांनी ५५ मिनिटांच्या जोडीला रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगितलं होतं. दिवेकरबाई व्यायामाबाबत, त्यातही वजनं उचलण्याबाबत, तुपाइतक्याच आग्रही. पण ज्यावर वाद घालता येत नाही अशी गोष्ट मराठी माणसाला ऐकूच येत नाही. दोन वेळा की आठ वेळा, यावर आपण अग्रलेख लिहिले, भाऊबंदकी केली, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप सोडले. चालण्याचं आणि वजनं उचलण्याचं कलम मात्र एकमताने, चर्चेविना, ऑप्शनला टाकलं. ५५ पाठ, ४५ ऑप्शनला. दीक्षितांच्या पुस्तकाच्या नावात ‘विनासायास’ असा शब्द आहे. अनेकांनी तो वाचला आणि समाधानाने पुस्तक मिटलं, असा माझा दाट संशय आहे.

तेव्हापासून आहारतज्ज्ञांच्या खोलीत एकच प्रश्न रोज विचारला जातो: ‘डाएट करतोय ना मी, मग व्यायाम केलाच पाहिजे का?’ या ‘केलाच’मधला सूर ओळखीचा आहे. दहावीच्या वर्गात मागच्या बाकावरून येतो तो: ‘सर, हे बोर्डाला विचारतात का?’

आता खरं सांगायचं, तर मागच्या बाकाचं गणित पक्कं आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर झपाझप चालला तर खर्च होतात सव्वादोनशे ते अडीचशे. म्हणजे महिनाभर एकही खाडा न करता चाला, तेव्हा कुठे एक किलो. उलट एक वडापाव तीनशेच्या आसपास. तो खायला चार मिनिटं लागतात, आणि न खायला तर शून्य. ज्याला वजनाच्या काट्याशीच मतलब आहे त्याने चालण्यापेक्षा न खाणं परवडतं. वजन उतरवायला डाएट पुरतं. नुसत्या व्यायामाने मात्र ते फारसं उतरत नाही. अभ्यास करणारे लोक हे कित्येक वर्षं सांगत आहेत. टांझानियातल्या हाडझा लोकांवर २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर शिकार करत, कंदमुळं खणत हिंडणारी ही माणसं शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर ऑफिसात खुर्ची उबवणाऱ्या पाश्चात्त्यांइतक्याच कॅलरी दिवसाला खर्च करतात, असं त्यात दिसलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी ‘वाचा आणि पुढे पाठवा’ अशा शेऱ्यासह फिरली. पाठवणारे सगळे सोफ्यावर होते.

शिवाय व्यायामाने भूक लागते. याचा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे लंडनचे विल्यम बँटिंग. यांच्या घराण्याचा धंदा अंत्यविधीचा, आणि गिऱ्हाईक म्हणून थेट राजघराणं. गृहस्थ उंचीने पाच फूट पाच इंच आणि वजनाने २०२ पौंड, म्हणजे ब्याण्णव किलोच्या आसपास. बुटाची नाडी बांधता येईना, आणि जिना उतरायचा तर उलटं तोंड करून. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून ते पहाटे उठून नदीवर नाव वल्हवू लागले. दंडात जोर आला, पण त्याबरोबर भूकही अशी खवळली की वजन वाढलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटा बंद केल्यावर वर्षभरात ४६ पौंड उतरले, आणि १८६३ साली त्यांनी त्यावर एक पत्रक छापून काढलं. ते इतकं गाजलं की डाएट करण्याला इंग्रजांनी बँटिंगचंच नाव दिलं.

बँटिंग आज असते तर पुण्यात टेकडीवर रमले असते. इथे पहाटे टेकडी चढणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि उतरणाऱ्यांची त्याहून मोठी, कारण खाली मिसळीपाशी थेट रिक्षाने आलेले मित्रही त्यात धरावे लागतात. बागेच्या दाराशी दुधीचा, कारल्याचा आणि गव्हांकुराचा रस मिळतो. तो घेतला की शरीरातली विषं निघून जातात म्हणे, आणि मग साबुदाणा वड्याला जागा होते. राहिला साडेचार किलोमीटरचा प्रश्न. ताशी सहाच्या वेगाने चालायचं तर फुटपाथ लागतो. आमच्या रस्त्यावरच्या फुटपाथवर अनुक्रमे एक पाणीपुरीवाला, उभ्या केलेल्या स्कूटर, महावितरणचा डबा आणि नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फलक आहे. तिथे ताशी सहा हा वेग गाठणारा एकच प्राणी आहे आणि त्याला सगळे यू-यू करतात.

तर मागचा बाक जिंकला, असं म्हणून हे सदर इथेच आटोपलं असतं. पंचाईत एवढीच, की काट्यावरून जे उतरतं ते काय उतरतं, हे काटा सांगत नाही. नुसतं जेवण तोडून दहा किलो घटवले तर त्यात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो; त्यात पाणी असतं आणि स्नायू असतात. व्यायाम, विशेषतः वजनं पेलण्याचा, जोडीला असला तर हा हिस्सा कमी होतो. आपण मात्र दहाच्या दहा किलोंचे पेढे वाटतो.

आणि स्नायू उधळण्याइतके मुळात आपल्याकडे आहेत कुठे? याचं उत्तर २००४ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका पुणेकराने सचित्र दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तोच, २२.३; उंचीच्या मानाने वजन एकदम आदर्श. मग दोघांचं स्कॅन केलं. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. आपल्या लोकांचा हा खास नमुना. पुण्याभोवतीच्या खेड्यांतली नवजात बाळंसुद्धा वजनाला जेमतेम २.७ किलो, हातापायांच्या काड्या आणि तरी चरबी राखून असलेली, असं याज्ञिकांच्याच चमूने दाखवलं. म्हणजे दोष फक्त मिसळीचा नाही. काही हिशेब आईच्या पोटातच लागलेला असतो, आणि याज्ञिकांनी स्वतःचं जन्मवजन कमी होतं हेही त्या लेखात नोंदवलं. पण त्या लेखातली माझी आवडती जागा वेगळी आहे. राहणीमानाचाही यात वाटा असेल, असं म्हणून लेखकद्वय सांगतं, की दुसरे लेखक मॅरेथॉन धावतात, तर पहिल्या लेखकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टची मिटत आलेली दारं गाठायला धावणं. जागतिक वैद्यकीय वाङ्मयात पुणेरी विनोदाची अशी नोंद दुसरी नसावी.

असा हा आपला मराठी देह. शर्टात सडसडीत, आत मात्र ठेवी राखून. त्याला नुसतं उपाशी ठेवलं की आधीच तुटपुंजे असलेले स्नायूही खर्ची पडतात. शिवाय उतरलेलं वजन उतरलेलंच ठेवायचं तर चालावं लागतं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे. निदान तीस पौंड घटवून ते वर्षभर तरी परत येऊ न दिलेल्यांची नावं तिच्यात असतात, आणि त्यांतले बहुतेक रोज तासाभराचा व्यायाम करतात. आपल्याकडे अशी नोंदवही ठेवायची गरज नाही. आपल्याकडे शिंपी आहे. पँट आत घ्यायला कोण आलं आणि सहा महिन्यांनी सैल करायला कोण आलं, हे त्याला तोंडपाठ असतं, पण तो सभ्य माणूस आहे.

२०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आपल्या बाजारात आली आणि प्रश्न आणखी सोपा झाला. आता भूकच लागत नाही, त्यामुळे दोन वेळा की आठ वेळा हा वादही मिटला. स्नायूंचं काय, हे विचारायला तोंड उघडावं तर ते त्या वर्षीच्या किमतींनी आधीच मिटलेलं होतं.

गंमत अशी, की औषध आपल्या घरातलंच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करा आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण द्या. या दुसऱ्या कलमाला आपल्याकडे जोर-बैठका म्हणत. त्याला लागते फक्त जमीन, आणि ती अजून तरी बिल्डरने घरातून काढून घेतलेली नाही. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आयुष्याचं कामच मानलं. तालमीत कधी कोणी ‘खुराक चालू आहे, मग मेहनत केलीच पाहिजे का?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. आता तालमीच्या जागी काचेची जिम आली. तिथे जानेवारीत वर्षाचे पैसे भरतात आणि डिसेंबरात आपण कुठे पैसे भरले होते ते आठवतात. मारुतीरायाला आपण शनिवारी तेल घालतो, तेही जमलं तर गाडीत बसल्या बसल्या.

पुरुषमंडळींचं आणखी एक संशोधन इथे नोंदवायला हवं: ‘बायकांना वेगळा व्यायाम लागत नाही, घरकाम हाच उत्तम व्यायाम.’ वाकून केर काढणं, बसून फरशी पुसणं, कणीक मळणं, पाण्याची बादली उचलणं. किती स्नायूंना किती चांगला ताण, याची यादी देणारे कित्येक गृहस्थ मला माहीत आहेत. त्या सगळ्यांची पोटं सुटलेली आहेत आणि ते सगळे चांगल्या व्यायामाच्या शोधात आहेत. त्यांतल्या एकालाही अजून घरची फरशी आठवलेली नाही.

आमच्या नात्यातले एक काका मात्र व्यायामाच्या पूर्ण विरोधात होते, तेही पुराव्यानिशी. त्यांनी नुसतं जेवण तोडून वर्षात चौदा किलो उतरवले. जुनी पँट पुढे ताणून दाखवल्याशिवाय ते कोणाच्या घरी चहा, अर्थात बिनसाखरेचा, घेत नसत. परवा त्यांच्याकडे सत्यनारायण होता. काका सोवळं नेसून पाटावर बसले. नव्या कमरेला ते शोभतही होतं. पाचही अध्याय झाले, आरतीचं तबक आलं, सगळे उभे राहिले आणि काका खालीच. एक हात जमिनीला, एक चौरंगाला. केळीचे खांब हलले, कलशावरचा नारळ डुगडुगला, पण मांड्यांनी साथ दिली नाही. शेवटी दोन पुतण्यांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचललं.

‘बघा, दोघांतच उचलले गेले,’ काकू कौतुकाने म्हणाल्या. ‘चौदा किलो उतरले म्हणून. नाहीतर ह्यांना उचलायला चौघं लागले असते.’

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग भटजींनी जोरात शंख फुंकला.