तेरवीला गेलो, साइटवरून आलो

आयकर कायद्याचं ३७ वं कलम ज्याने लिहिलं, तो गृहस्थ वर्धा जिल्ह्यात ठेकेदारी करायला कधी आला नसणार. कलम म्हणतं, खर्च नफ्यातून वजा करून हवा असेल तर तो पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच झालेला असावा. घरचा नको, भांडवली नको. आता १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी केली म्हणतात. पण ‘पूर्णपणे आणि केवळ’ मात्र तिथेच ठाण मांडून आहे. आमच्याकडे पूर्णपणे आणि केवळ एकाच कारणासाठी माणूस देवळातही जात नाही.

मी छोटा ठेकेदार. कोणाचा स्लॅब, कोणाचं न्हाणीघर, कुठे शाळेची कंपाउंड वॉल, कुठे गावातली नाली. मला कामं टेंडरमधून मिळतात असा नातेवाइकांचा समज आहे. खरं तर ती तेरवीत मिळतात. देवळीला ओळखीतल्या एका म्हाताऱ्यांची तेरवी होती. पंगतीत बसलो. बुंदी वाढता वाढता थोरला मुलगा कानाशी वाकून म्हणाला, “बाबा होते तोवर कवेलूले हात लावू देत नव्हते. आता स्लॅब टाकूनच घेऊ.” हात धुतले आणि टेप काढून मापं घेतली.

आता त्या दिवसाच्या पेट्रोलचं काय करायचं?

माझे हिशेब शेजाऱ्यांची मुलगी पाहते. लहानपणी माझ्याच रेतीच्या ढिगावर खेळली, आता सीए झाली. पावती उजेडात धरून तिने विचारलं, “काका, तेरवीला गेले होते की साइटवर?”

“तेरवीला गेलो, साइटवरून आलो.”

तिने अर्धं पेट्रोल मंजूर केलं. येतानाचं.

तिच्या ऑफिसात गांधीजींचा फोटो आहे. वर्ध्यात तो कुठे नसतो म्हणा. पण हिशेब दाखवताना समोर तोच असला की घाम फुटतो. लंडनमध्ये विद्यार्थी असताना बसचं भाडं, टपालखर्च, वर्तमानपत्राचे किरकोळ पैसेसुद्धा ते लिहून ठेवत आणि झोपण्यापूर्वी रोजचा मेळ घालत. आत्मकथेत स्वतःच सांगितलं आहे. १९३६ साली ते आमच्या सेगावात राहायला आले. त्याचं पुढे सेवाग्राम झालं. माती, बांबू, कवेलू, सगळं साहित्य आसपासचं. ठेकेदाराच्या नजरेने मी ती कुटी पुष्कळदा पाहिली आहे. बिल फुगवायला त्यात कुठे जागाच ठेवलेली नाही. आणि अशा थोर जिल्ह्यातल्या माझ्या वहीत सगळ्यात मोठं खातं कोणतं, तर ‘किरकोळ’.

किरकोळमध्ये काय काय येतं ते मलाही सांगता येत नाही. पायाभरणीचा नारळ येतो. साइटवर माप घ्यायला येणाऱ्या साहेबांचा चहा येतो, साहेबांच्या ड्रायव्हरचा तर्री पोहा येतो. चहाटपरीवाल्याला मी पावती मागितली तेव्हा त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि दुसरा चहा फुकट दिला. फुकटच्या चहाची तर पावती मुळीच नसते.

मजुरीचा प्रश्न वेगळाच. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च कायदा मानत नाही. म्हणून मी मिस्त्रीला म्हटलं, “मोबाइलवर पाठवतो.” तो म्हणाला, “भाऊ, माह्या फोनचा डिस्प्ले गेला. साळ्याच्या नंबरवर टाकजा.” टाकले. मार्चमध्ये सीएने विचारलं, “हे गृहस्थ वर्षभर पैसे घेत आहेत. यांनी काम कोणतं केलं?” काय सांगणार? त्याने बहीण दिली, एवढंच त्याचं काम.

घरून धंदा चालत असेल तर वीजबिलाचा धंद्यापुरता वाटा खर्चात धरता येतो. आमच्या दर्शनी खोलीला मी ऑफिस म्हणतो. तिथे एक टेबल, सिमेंट कंपनीचं कॅलेंडर आणि घरातला एकमेव कूलर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडू लागला की बायको, आई, मुलं, सुटीला आलेले भाचे आणि शेजारचे निवृत्त मास्तर हे सगळे माझ्या ऑफिसात झोपतात. मी पाय मुडपून टेबलाखाली. जानेवारीत ऑफिसात मीसुद्धा नसतो, गच्चीवर उन्हाला बसतो. सीए म्हणाली, “मेमध्ये या खोलीचा वापर किती टक्के धरू?” मी म्हटलं, “दोनशे.” तिने त्यातला धंद्याचा किती ते विचारलं. मास्तरांना मागच्या वर्षी संडास बांधून दिला होता, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक धरा म्हटलं. नाही धरलं.

मोटारसायकलीवर मात्र कायदा उदार आहे. दर वर्षी १५ टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे गाडीची किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. कागदावर माझी गाडी अमर आहे. रस्त्यातल्या खड्ड्यांना हे कोणी कळवलेलं नाही. शिवाय तिच्यावरून साइटवर सिमेंटची गोणी जाते तशी गावाकडून तुरीची गोणीही येते, म्हणून घसाऱ्यातला घरचा वाटा कापला जातो. तुरीला घसारा नाही.

नागपूरच्या गिऱ्हाइकाकडे वर्ध्याच्या माणसाने रिकाम्या हाताने जायचं नसतं. गोरसपाक न्यावा लागतो. हा खर्च सीएने एका झटक्यात मान्य केला, धंदावाढ म्हणून. मग पावती नीट वाचली. “काका, डबे चार आहेत, गिऱ्हाईक एक.” काँक्रीटचे ठोकळे जसे आधी फोडून तपासतात तसे बाकीचे घरी तपासले, असं मी म्हटलं. ती हसली आणि पेन्सिलीने तीन डबे खोडले.

दुसऱ्या जिल्ह्यांतले ठेकेदार ‘बैठकी’वर बराच खर्च करतात म्हणे. आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे तसला खर्च वहीत दाखवणं म्हणजे दोन खात्यांना एकाच पत्रिकेवर आमंत्रण. तसंही कायद्याने जे करायला मनाई आहे, त्यावरचा खर्च त्याच ‘पूर्णपणे आणि केवळ’च्या कलमाखाली बाद होतो. इथे मला कलमाची कीव येते. बिल निघावं म्हणून जगात कुठे कुठे टेबलाखालून जे सरकवावं लागतं, त्यात घरासाठी पैचाही उपयोग नाही, मौज नाही, चव नाही. पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच झालेला असा शुद्ध खर्च शोधून सापडायचा नाही. आणि नेमका तोच चालत नाही! याउलट सरकारी कामाचं बिल निघताना आयकर, कामगार उपकर, अनामत अशी कपात वरच्या वर होते. तिला कोणी विचारत नाही, बाई गं, तू कोणत्या कामासाठी?

शेवटी त्या पोरीने पिशवीभर पावत्या बाजूला सारल्या. “काका, जुन्या कायद्यात ४४ एडी होतं ना, ती सोय घ्या.” वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असली की छोट्या धंदेवाल्याला ही सोय आहे. जमेच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के, एवढा नफा झाला असं सरकार गृहीत धरतं. वह्या नकोत, पावत्या नकोत, साळा नको. खर्च मात्र वेगळा एकही मागायचा नाही, आणि एकदा धरलेली ही वाट पाच वर्षं सोडायची नाही. सोडली तर पुढची पाच वर्षं परत मिळत नाही. एवढ्या अटी माझ्या लग्नातही नव्हत्या.

घरी येऊन बायकोला समजावून सांगितलं. तिने कणीक मळता मळता सगळं शांतपणे ऐकलं.

“सरकारले वाटते तुमाले आठ टक्के नफा होते?”

“आठ किंवा सहा. किमान.”

“मंग ठेवता कुठी?”

तेव्हापासून तिने माझ्या कपाटाची दोनदा झडती घेतली आहे. मी मात्र निर्धास्त झालो. परवा हिंगणघाटला एका बारशाला गेलो, पंगतीत पोट भरून जेवलो, पंपावर पावती मागितली नाही. बाळाच्या आजोबांना वरचा मजला चढवायचा आहे.