बोर्डातले नाना

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास एप्रिल सरता सरता फुटपाथवर पांढरे स्पोर्ट्स शूज, स्वेटर आणि कानटोपी घातलेली मंडळी दिसायला लागली, की समजावं, आईवडिलांचा मोसम सुरू झाला. सहा महिन्यांच्या मुक्कामाला येणाऱ्या या वडीलधाऱ्यांचे प्रकार अनेक. बँकेतून निवृत्त झालेले कॉस्टकोचं बिल ओळीओळीने तपासतात. शिक्षक नातवाला पावकी-निमकी शिकवायला बसवतात आणि नातू पळून जातो. हे सगळे निरुपद्रवी. घरातल्या एकाही यंत्राला ज्याच्यापासून अभय नाही असा प्रकार एकच, निवृत्त इंजिनिअर. त्यातही वीज मंडळातला.

आमच्या शेजारी आलेले नाना या प्रकारातले. मंडळाचे २००५ साली तुकडे पडले, महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशी नावं आली. नाना त्यानंतरही कित्येक वर्षं नोकरीत होते, पण कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘मी बोर्डात होतो.’ उपकार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. विमानात तो जवळ ठेवू देईनात, तेव्हा मेतकुटाच्या पिशवीत गुंडाळून मोठ्या बॅगेतून आला.

आल्यावर पहिले काही दिवस नाना फार उदास होते. सून काळजीने विचारायची, जेवण आवडत नाही का, थंडी वाजते का. खरं दुखणं वेगळंच होतं. इथली वीज जात नव्हती. ज्या माणसाला रात्री दोन वाजता ‘साहेब, फीडर गेला’ म्हणून फोन यायचे, त्याने या देशात करायचं तरी काय? सॉकेटमध्ये टेस्टर घालून झाला. ‘एकशेवीस व्होल्ट!’ नाना कुत्सितपणे म्हणाले. ‘आमच्याकडे लाइनीच्या टोकाच्या गावाला संध्याकाळी एवढं मिळायचं.’ पण नुसत्या टीकेवर माणूस किती दिवस काढणार.

अशात एका शनिवारी सून म्हणाली, ‘ड्रायरमधून कपडे ओलेच निघतायत हल्ली. दोन-दोनदा लावावा लागतो.’

नानांनी हातातला पेपर खाली ठेवला. चेहऱ्यावर तजेला आला.

मुलगा सॉफ्टवेअरमधला. त्याने दोन उपाय सुचवले: बंद करून परत चालू करायचा, नाहीतर नवीन घ्यायचा. नानांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती एके काळी मीटर न वाचताच रीडिंग भरणाऱ्यांसाठी राखीव असे.

चौकशी रीतसर सुरू झाली. तक्रार केव्हापासून? मध्यंतरी काही बदल केला होता का? लोड किती असतो?

‘नेहमीचाच,’ सून म्हणाली.

‘नेहमीचा म्हणजे किती किलो?’

हे जगातल्या कुठल्याच सुनेला सांगता येणार नाही. मग बॅगांचं वजन करायचा हुक आला, तोच तो, तेवीस किलोच्या वर गेलं की लोणच्याची बरणी बाहेर काढायला लावणारा. कपडे पिशवीत घालून हुकाला टांगले. कोरडे चार किलो. वॉशिंग मशीनमधून पिळून निघाले ते सहा किलो शंभर. ड्रायरमध्ये पन्नास मिनिटं फिरून आले ते पाच किलो तीनशे. वहीत लॉगशीट आखलं गेलं. एकवीसशे ग्रॅम पाण्यातलं आठशे बाहेर पडलं, तेराशे घरातच. सगळी नोकरी गळती कमी करण्याच्या टार्गेटात गेली, आणि इथे गळती वाढवायची होती. त्यातली गंमत त्यांनी मला कुंपणावरून दोनदा समजावून सांगितली.

निदान मात्र मशीन न उघडताच तयार होतं. अमेरिकेतल्या घरात दोन जिवंत तारा येतात. न्यूट्रलशी धरल्या तर प्रत्येकी एकशेवीस व्होल्ट, एकमेकींशी धरल्या तर दोनशेचाळीस. ड्रायरची मोटर आणि आतला दिवा एकशेवीसवर चालतात, हीटर दोनशेचाळीसवर. जोडब्रेकरची एकच बाजू गेली, तर ड्रम मजेत फिरतो, दिवा लागतो आणि हीटर गार पडतो. ‘म्हणजे आपलं सिंगल फेजिंगच की!’ शेतीपंप जाळणारा जुना शत्रू सातासमुद्रापार भेटला म्हटल्यावर नाना मोहरून गेले. तपासायचं तर आधी लाइन क्लिअर हवा. त्यांनी बेसमेंटमध्ये जाऊन मेन पाडला. वर मुलगा मीटिंगमध्ये वीसेक लोकांना काही दाखवत होता, तो दाखवता दाखवता अंतर्धान पावला. हा सगळा प्रकार शनिवारी घडला असता तर चाललं असतं, पण चौकशीला बुधवार उजाडला होता.

मल्टिमीटर माझ्याकडून गेला. दोन्ही बाजू ठणठणीत. हीटर पाच किलोवॉटच्या आसपासचा निघाला. ‘पाच एचपीच्या पंपाहून जास्त लोड,’ नाना म्हणाले, ‘आणि कशासाठी? बनियन वाळवायला.’

माई, म्हणजे नानांच्या मिसेस, एवढा वेळ ओल्या टॉवेलांची घडी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, कपडे गरम आहेत की. हात तरी लावून बघा. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं की खाली पाणी सुटतं, तसं झालंय. वाफेला जायला वाट नाही.’

इथे या प्रकाराच्या माणसाचं मुख्य लक्षण सांगायला हवं. त्याला उत्तर नको असतं, त्याला तपास हवा असतो. आयतं मिळालेलं उत्तर त्याला नियमबाह्य वाटतं. ‘बघू, तेही चेक करू,’ असं म्हणून नानांनी माईंचं म्हणणं यादीत शेवटी टाकलं.

यादी लांब होती. दाराजवळची जाळी काढली. तिच्यावरचा राखाडी कापूस, इथे त्याला लिंट म्हणतात, सून दर वेळी काढतच होती. नानांनी जाळी नळाखाली धरली, तर पाणी खाली न जाता वरच थांबलं. कपड्यांत टाकायच्या सुगंधी कागदांचा मेणचट थर छिद्रांवर बसला होता. जुन्या टूथब्रशने आणि साबणाने जाळी घासून झाली, सुगंधी कागदांवर बंदी आली. मग ड्रमच्या आतल्या दोन धातूच्या पट्ट्या. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की बारीकसा प्रवाह वाहतो आणि मशीनला कळतं, अजून ओल आहे. पट्ट्यांवर तोच थर बसला तर मशीन ओल्यालाच सुकं समजून थांबतं. ‘म्हणजे आत मेगर बसवलाय!’ नाना हरखले आणि व्हिनेगरने पट्ट्या पुसत बसले. कपडे पाच किलो दोनशे निघाले. शंभर ग्रॅमची सुधारणा लॉगशीटवर लाल शाईने नोंदली गेली.

जेवताना त्यांनी अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचा आकडा वाचून दाखवला: २००८ ते २०१० या काळात इथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी, आणि सगळ्यांत मोठं कारण साफसफाई न करणं. सुनेचा घास हातातच राहिला. त्या रात्री ड्रायर लावायची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन भिंतीपासून ओढलं. मागची चुणीदार अ‍ॅल्युमिनियमची नळी दबून चपटी झाली होती. पुढे भिंतीतून बाहेर जाणारा चार इंची पाइप, त्याला तीन वळणं. इथल्या नमुना नियमावलीप्रमाणे हा पाइप पस्तीस फुटांपर्यंत चालतो आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले पाच फूट कापायचे. नाना टेप घेऊन भिंतीला कान लावत फिरले आणि लांबी नियमात बसते असं जाहीर केलं. बसत नसती तर त्यांना अधिक बरं वाटलं असतं, असा माझा अंदाज.

एव्हाना मशीनमधून चिर्रचिर्र आवाज येऊ लागला होता. ‘पट्टा ताणणारी पुली,’ नानांनी डोळे मिटून सांगितलं. ‘घासतेय.’ हे निदान काही खोटं नव्हे, जुन्या ड्रायरची पुली अशीच कुरकुरते. नानांनी मशीन बंद केलं.

पुली वाजतच राहिली.

बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून दहा फुटांवर, पाइपाचं तोंड होतं. लिंट अडकून त्याची झडप अर्धवट उघडी राहिलेली, आणि आत काड्या, गवत, भरीला ड्रायरचाच मऊ कापूस घालून चिमणीने घर केलेलं. चार उघड्या चोची. वाफेची वाट अडली होती ती इथे. माई शिडी धरून खाली उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नानांनीही तो विषय वाढवला नाही.

मुलाने फोनवर शोधलं. इथे स्थलांतरित पक्ष्यांच्या करारासाठी १९१८ साली कायदा झाला, बहुतेक देशी पक्ष्यांच्या वापरातल्या घरट्याला हात लावता येत नाही. पण ही चिमणी त्यात बसत नाही. ती इथली नव्हेच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर माणसांनी ब्रुकलिनला आणून सोडलेली, म्हणजे आपल्याकडची जी चिऊताई, त्याच जातीची. कायद्याने घरटं काढायला हरकत नव्हती.

‘पिल्लं आहेत,’ माई म्हणाल्या.

प्रश्न तिथेच मिटला. ड्रायरवर मराठीत पाटी लागली: ‘लाइनवर काम चालू आहे. स्विच चालू करू नये.’ पिल्लं उडेपर्यंत शटडाऊन. सुनेला मराठी वाचता येत होतं, नातवाला त्याचं इंग्रजी भाषांतर करून चिकटवायला सांगितलं.

कपडे मात्र कोणासाठी थांबत नाहीत. मागच्या डेकवर नायलॉनची दोरी बांधली गेली. मे महिन्याचं कोरडं ऊन, वर वारा. नानांचे लेंगे, माईंचे परकर, मुलाचे कंपनीचे टीशर्ट दोन तासांत कडकडीत वाळायला लागले. माई इतक्या खूश मी कधीच पाहिल्या नव्हत्या. आठवडाभरात वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. कपडे दर्शनी वाळत घालणं नियमाविरुद्ध, दहा दिवसांत दोरी काढावी.

मुलाने लगेच दोरी सोडायला घेतली. नानांनी त्याला थांबवलं. निवृत्तीनंतर त्यांच्या नावाने, म्हणजे निदान त्यांच्या कृत्याने, आलेलं हे पहिलं सरकारी वळणाचं पत्र. उत्तर त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलं, पण आत्मा मंडळ कार्यालयाचा होता. वर विषय, त्याखाली संदर्भ, मग मुद्देनिहाय खुलासा. सोबत लॉगशीट, पाइपाचा सिंगल लाइन डायग्रॅम आणि पिल्लांचा फोटो, परिशिष्ट अ, ब, क. फ्लोरिडा आणि व्हरमाँट राज्यांत कपड्यांच्या दोरीला कायद्याने संरक्षण असल्याचा दाखला. आपण न्यू जर्सीत राहतो ही बाब नमूद नव्हती. शेवटी, निर्णयापूर्वी समक्ष स्थळपाहणी व्हावी ही विनंती.

असल्या पत्राला कोणी उत्तर देत नाही, असं मुलाने सांगितलं. पण पाहणीला माणूस आला. असोसिएशनचा मॅनेजर, टाय लावलेला, हातात क्लिपबोर्ड. नानांनी त्याला शिडीवर चढवलं, पिल्लं दाखवली, वजनाचा हुक दाखवला, वही दाखवली. माईंनी चहा दिला, सोबत चकली. त्याने महिनाभराची मुदत लिहून दिली आणि जाता जाता दारात रेंगाळला. म्हणाला, आमचाही ड्रायर हल्ली दोन-दोनदा लावावा लागतो, बहुतेक नवीनच घ्यावा लागेल.

नानांनी खिशातला टेस्टर चाचपला. मग खुर्ची पुढे ओढली, वहीचं नवं पान उघडलं आणि माईंच्या देखतच त्याला विचारलं, ‘कपडे गरम निघतात की गार?’